मान्सून आला, मग पाऊस कुठाय?

२०२५च्या जूनमधली दहा-बारा तारीख असेल. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातून मामांचा फोन आला. ख्यालीखुशाली उरकली आणि ते थेट मुद्द्यावर आले. "आरं, त्यो मान्सून येऊन पंधरा दिस झालं म्हंत्यात टीव्हीवर. मग हाय कुठं? मे म्हैन्यात वड्याला पूर आला तवा म्हणले, ह्यो मान्सून न्हवं. आता आभाळात ढग न्हाई, तर म्हंत्यात मान्सून आलाय. आमी पेरायचं कवा?"

सवाल बिनतोड होता. त्या वर्षी मान्सून केरळात २४ मे रोजी आला आणि दोनच दिवसांत, २६ मे रोजी, मुंबईत दाखल झाला. मुंबईची नेहमीची तारीख ११ जून, म्हणजे स्वारी पंधरवडाभर आधीच पोचली. त्याच सुमारास बारामती-फलटणकडं शेतात तळी साचली होती. आणि मग जून अर्धा होईपर्यंत मान्सून आहे तिथंच रेंगाळला. वर्तमानपत्रांत 'आगमन', रानात धूळ.

हा घोळ हवामानाचा जितका आहे, तितकाच शब्दाचाही आहे.

मान्सून म्हणजे वारा

मूळ शब्द अरबी, मौसिम. आपला 'मोसम' तोच. अरबी समुद्रात गलबतं हाकणाऱ्यांना पावसाशी फारसं देणंघेणं नव्हतं, त्यांना वाऱ्याशी होतं. वर्षातले काही महिने वारा आफ्रिका-अरबस्तानाकडून हिंदुस्थानाकडे वाहतो आणि काही महिने बरोबर उलटा. ही मोसमानुसार दिशा बदलणारी वाऱ्याची व्यवस्था म्हणजे मान्सून. शाळेच्या पुस्तकात आपण 'नैर्ऋत्य मोसमी वारे' असं पाठ केलेलं असतं. बोलताना मात्र मान्सून म्हणजे पाऊस असंच धरून चालतो.

पाऊस हे त्या वाऱ्याचं एक काम आहे. वारा आला की पाऊस पडेलच असं नाही आणि पाऊस पडला म्हणजे तो वारा आलाच असंही नाही. मे महिन्यात दुपारी चारच्या पुढं, बहुधा पूर्वेकडून, विजा कडाडत येतो, तासाभरात पत्रे उडवून, गारा टाकून जातो, तो वळीव. तापलेल्या जमिनीवरची हवा उसळून वर जाते आणि जागच्या जागी ढग तयार होतो, असा तो स्थानिक मामला असतो. मान्सूनचा पाऊस पश्चिमेकडून येतो, त्याचा गडगडाट कमी असतो आणि तो रात्री-बेरात्री कधीही रिपरिपतो. म्हाताऱ्या माणसांना हा फरक वासावरून कळतो म्हणतात. मला कळत नाही.

खारे वारे, पण चार महिन्यांचे

गॅसवर रिकामा तवा ठेवा आणि शेजारच्या शेगडीवर पाण्यानं भरलेलं पातेलं. दोन मिनिटांत तव्याला हात लाववणार नाही, पातेल्यातलं पाणी मात्र कोमटही झालेलं नसेल. जमीन तव्यासारखी लवकर तापते आणि लवकर निवते. समुद्र पातेल्यासारखा दमानं घेतो.

कोकणात हे रोज दिसतं. दुपारी जमीन तापली की तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून हवा येते, ते खारे वारे. रात्री उलटा कारभार, ते मतलई वारे. आता दिवस-रात्रीऐवजी उन्हाळा-हिवाळा घ्या, एका गावाच्या किनाऱ्याऐवजी अख्खा उपखंड घ्या. १६८६ साली, म्हणजे इकडे संभाजी महाराजांची कारकीर्द चालू असताना, एडमंड हॅली या इंग्रज शास्त्रज्ञानं मान्सूनची उपपत्ती साधारण अशीच मांडली. धूमकेतूवाला हॅली तो हाच. आपल्या बहुतेकांच्या डोक्यात आजही हेच चित्र असतं.

चित्र चुकीचं नाही, अपुरं आहे.

मग मे महिन्यातच का कोसळत नाही?

जमीन तापल्यानंच पाऊस येत असता, तर चंद्रपूर-ब्रह्मपुरीला पारा ४५च्या वर जातो तेव्हा तो धो धो पडायला हवा. शिवाय दुष्काळाच्या वर्षी जमीन जास्तच तापलेली असते. त्या हिशेबानं दुष्काळ पडलाच नसता. पुण्यात जन्मलेल्या आणि बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आयुष्यभर मान्सूनवर काम केलेल्या सुलोचना गाडगीळ हा आक्षेप ठासून मांडत. २०२५च्या जुलैत त्या गेल्या. मान्सून हा निव्वळ मोठा खारा वारा नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

मग काय आहे? विषुववृत्ताच्या आसपास पृथ्वीभोवती ढगांचा एक पट्टा असतो. उत्तरेकडचे आणि दक्षिणेकडचे वारे तिथं एकमेकांना भिडतात आणि भिडल्यावर वर जाण्याशिवाय त्यांना वाट नसते. वर गेलेली हवा थंड होते, तिच्यातल्या वाफेचं पाणी होतं आणि पाऊस पडतो. हा पट्टा सूर्याच्या मागं मागं फिरतो, पण जरा उशिरानं. मुंबईत मेच्या मध्याला दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि भिंतीची सावली गायब होते, तोच तो शून्य सावलीचा दिवस. पट्टा तेव्हा अजून दक्षिणेलाच असतो. इतर महासागरांवर तो थोडाबहुत वर-खाली सरकतो. आपल्याकडे मात्र जुलैपर्यंत थेट गंगेच्या मैदानापर्यंत चढतो. त्या पट्ट्याच्या या मुक्कामालाच आपण पावसाळा म्हणतो.

आता पुढची शंका. पाऊस पडला की जमीन गार होते. मग चूल विझल्यावर खारा वारा थांबतो तसा मान्सून का थांबत नाही? उत्तर माठात आहे. माठातलं पाणी गार होतं कारण बाहेर झिरपलेलं पाणी वाफ होताना माठाची उष्णता घेऊन जातं. अरबी समुद्रावर हेच होतं. तिथून उचललेली उष्णता वाफेबरोबर, जणू थैलीत घालून, इकडे येते. ढगात त्या वाफेचं पुन्हा पाणी झालं की थैली उघडते आणि उष्णता वरच्या हवेत मोकळी होते. वरची हवा तापली की खालून आणखी हवा ओढली जाते. एकदा पाऊस नीट सुरू झाला की इंजिन स्वतःच स्वतःचं इंधन ओढून आणतं. खालची जमीन गार झाली तरी त्याचं फारसं अडत नाही.

नैर्ऋत्येकडूनच का?

आपला जून म्हणजे दक्षिण गोलार्धातला हिवाळा. मॉरिशस-मादागास्करच्या पलीकडे समुद्रावर गार, जड हवेचा मोठा ढीग साचतो. तिथून हवा उत्तरेकडे, आपल्या कमी दाबाकडे निघते. पण पृथ्वी फिरते आहे. जत्रेतल्या फिरत्या पाळण्यात बसून समोरच्याकडे चेंडू टाकला तर तो भलतीकडेच जातो, तशी ही हवा विषुववृत्त ओलांडली की उजवीकडे वळते. त्यात केनिया-इथिओपियाचे डोंगर आडवे उभे, त्यामुळं पश्चिमेकडे पांगायलाही वाव नाही. डोंगराच्या कडेनं दाबली गेलेली ही हवा सोमालियाच्या किनाऱ्यावर, जमिनीपासून दीडेक किलोमीटर उंचीवर, नळाच्या तोंडाला बोट लावल्यावर पाणी सुटतं तशी सुटते आणि अरबी समुद्र ओलांडून आपल्यावर येते.

त्या वाऱ्याचा जोर बघायचा तर जुलैत साताऱ्याच्या चाळकेवाडीच्या पठारावर जावं. पवनचक्क्यांची पाती गरगरताना ऐकू येतात, छत्री उघडायची सोय नसते. कोळीवाड्यात हाच वारा पंचांगाला बांधलेला आहे. १ जून ते ३१ जुलै सरकारी मासेमारीबंदी. माशांच्या विणीसाठी ती आहेच, पण सरकारी बंदी येण्याच्या कितीतरी आधीपासून होड्या या दिवसांत किनाऱ्यावर शाकारून ठेवलेल्या असत. वारा मवाळ झाला की नारळी पौर्णिमा.

'आला' हे ठरवतं कोण?

हवामान विभाग, आणि तोही मनाला येईल तसं नाही. केरळातल्या आगमनासाठी मिनिकॉय, तिरुवनंतपुरमपासून मंगळूरपर्यंतची १४ ठिकाणं ठरलेली आहेत. १० मेनंतर त्यांतल्या किमान ६० टक्के ठिकाणी सलग दोन दिवस अडीच मिलिमीटर किंवा जास्त पाऊस हवा. अडीच मिलिमीटर म्हणजे अंगण भिजेल इतकाच. पण तेवढ्यावर भागत नाही. पश्चिमेकडचे वारे चार किलोमीटरपेक्षा जास्त उंचीपर्यंत भरलेले हवेत, त्यांना ठरलेला वेग हवा आणि उपग्रहातून बघितलं तर ढग पुरेसे दाट हवेत. तिन्ही गोष्टी जुळल्या तर 'आला'.

मामांच्या पुराला मान्सून का म्हटलं नाही, ते यावरून कळेल. पाणी होतं, पण इकडच्या आभाळात वाऱ्याची मांडणी तोवर बसलेली नव्हती. रत्नागिरीजवळ समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं होतं. ते २४ मे रोजी किनाऱ्यावर चढलं, त्यानं पाऊसही ओतला आणि मागोमाग मान्सूनलाही ओढून आणलं. पुढं ओढायला असं काही उरलं नाही, कोरडी हवा घुसली आणि मान्सून बसून राहिला. दार उघडलं, पाहुणा उंबऱ्यावरच थबकला.

सह्याद्रीच्या अलीकडे, पलीकडे

महाराष्ट्राचा पावसाळा समजायला एवढा एक डोंगर पुरे.

समुद्रावरून आलेली ओली हवा सह्याद्रीला धडकते आणि तिला हजार मीटर वर चढावं लागतं. चढताना ती थंड होते, आणि थंड हवेत वाफ कमी मावते. जादाची वाफ पाणी होऊन तिथंच पडते. ओलं फडकं पिळावं तसा सह्याद्री हवेला पिळतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. डोंगर उतरून पुण्यात या, सातशेच्या आसपास. माण-खटावला जेमतेम पाचशेच्या घरात. पिळून झालेली हवा पलीकडे उतरते तेव्हा पुन्हा गरम होते आणि उरलेसुरले ढगही विरतात. याला पर्जन्यछाया म्हणतात.

जुलैत माणमध्ये उभं राहून आभाळाकडे बघणं हा जीव जाळणारा प्रकार आहे. ढग असतात. भरपूर असतात. पश्चिमेकडून पूर्वेकडे घाईनं पळत असतात, सावल्या बांधावरून सरकत जातात, वारा मारतो आणि थेंब पडत नाही. मामा म्हणतात, "आमच्या डोक्यावरनं परभणीला चाललंय." त्यांचा भूगोल थोडा ढोबळ आहे, निरीक्षण पक्कं आहे. मान्सून तिथं हजर असतो, पूर्ण ताकदीनं. पाडायला डोंगर नसतो, इतकंच.

विदर्भ-मराठवाड्याची गोष्ट आणखी वेगळी. तिथला बराचसा पाऊस बंगालच्या उपसागरातून येतो. तिकडे कमी दाबाची क्षेत्रं तयार होतात, ओडिशा-छत्तीसगडवरून पश्चिमेकडे सरकतात आणि वाटेत पाऊस टाकत येतात. २०२५च्या सप्टेंबरात ती अशी लागोपाठ आली की सीना नदीनं सोलापूर-धाराशिवची गावं पाण्याखाली घातली. ज्या जिल्ह्यांत आपण टँकर मोजतो, त्याच जिल्ह्यांत बोटी उतरवाव्या लागल्या.

मिलिमीटरचा हिशेब डोक्यात बसत नाही म्हणून सांगतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर शंभर मिलिमीटर पडला तर नऊ हजार लिटरच्या वर, म्हणजे जवळपास एक टँकर. आणि ढगफुटी म्हणजे तासाभरात लहानशा भागावर शंभर मिलिमीटर किंवा जास्त. टीव्हीवर दर तुंबलेल्या गटाराला ढगफुटी म्हणतात, तिकडे लक्ष देऊ नका.

भर श्रावणात उघडीप कशी?

मघाचा तो ढगांचा पट्टा आठवा. जुलै-ऑगस्टात तो राजस्थानपासून बंगालच्या उपसागरापर्यंत आडवा पसरलेला असतो. हवामानाच्या बातम्यांत 'मान्सूनचा आस' म्हणतात तो हाच. हा आस दक्षिणेकडे झुकलेला असला की मध्य भारत, महाराष्ट्र भिजतो. तो हिमालयाच्या पायथ्याशी जाऊन बसला की आपल्याकडे खंड पडतो, तिकडे बिहार-आसामात पूर येतात. खंड म्हणजे मान्सून संपला असं नव्हे, तो तिकडे गुंतलेला असतो. पण हा खंड लांबला की सोयाबीन माना टाकतं. २०२३चा ऑगस्ट हा १९०१पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी.

त्या वर्षी एल निनो होता. पॅसिफिक महासागराच्या मध्य आणि पूर्व भागातलं पाणी नेहमीपेक्षा तापणं, एवढाच एल निनोचा अर्थ. पाणी जिथं गरम, तिथं हवा वर चढते. कुठं हवा वर चढली की दुसरीकडे कुठं तरी तिला खाली यावं लागतं, आणि अनेकदा ती आपल्या डोक्यावर खाली येते. खाली येणारी हवा ढगांना दाबून ठेवते. २००२ला देशात सरासरीच्या ८१ टक्के पाऊस झाला, २००९ला ७८ टक्के, दोन्ही एल निनोची वर्षं. पण १९९७चा एल निनो शतकातल्या दांडग्यांपैकी एक होता आणि पाऊस सरासरीपेक्षा थोडा जास्तच झाला. त्या वर्षी हिंद महासागराचा आफ्रिकेकडचा भाग जास्त तापला होता, त्यानं आपली बाजू सांभाळली असं मानतात. तेव्हा 'एल निनो आला' या मथळ्यावर लगेच दुष्काळाची गणितं मांडू नयेत.

अंदाज चुकतोच की!

चुकतो. पण बऱ्याचदा आपण अंदाजाला जे विचारतो, त्याचं उत्तर तो देतच नसतो. एप्रिलमध्ये येतो तो अंदाज चार महिन्यांचा, अख्ख्या देशाचा. देशाची सरासरी सुमारे ८७ सेंटिमीटर, आणि तिच्या ९६ ते १०४ टक्के म्हणजे 'सर्वसाधारण'. चार माणसांच्या घरात आठ भाकरी झाल्या, म्हणून प्रत्येकाच्या ताटात दोन पडल्याच असं नाही. कुणी तीन खाल्ल्या, कुणी उपाशी झोपला.

आणि गावापुरता अंदाज किती अवघड, ते २६ जुलै २००५ला विचारा. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर, त्याच मुंबईत कुलाब्याला ७३. लोकलनं तासाभराचंही अंतर नाही. पुण्याच्या हवामान कार्यालयाला जुने पुणेकर अजून 'सिमला ऑफिस' म्हणतात, कारण १९२८ला मुख्यालय सिमल्याहून तिथं आलं. तेव्हा हाताशी होते तारेनं येणारे आकडे. आज पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं बनवलेलं, २०२५मध्ये सुरू झालेलं गणिती प्रारूप सहा-सहा किलोमीटरच्या चौकटीत हवा मोजतं. सुधारणा मोठी आहे, पण एक ढग याहून लहान असू शकतो.

त्यात हवाच बदलते आहे. एक अंश तापमान वाढलं की हवेत सुमारे सात टक्के जास्त वाफ मावते. पिशवी मोठी झाली की भरायला वेळ लागतो, आणि फाटली की सगळं एकदम सांडतं. मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीनं वाढल्याचं पुण्याच्या याच संस्थेच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं आहे. एकूण पाऊस तितकाच राहून पावसाचे दिवस कमी झाले, तर धरणाला चालतं. कोरडवाहू बाजरीला चालत नाही.

आणि आमचा मृग?

मृग नक्षत्र लागतं ७-८ जूनला. मुंबईची सरासरी तारीख ११ जून. पिढ्यान्‌पिढ्यांच्या निरीक्षणाची सरासरीच या नक्षत्रांत साठवलेली आहे, तिला हसू नये. पण सरासरी ही सरासरीच, यंदाचं वेळापत्रक नव्हे. शिवाय सूर्याचं नक्षत्र ऋतूंच्या मानानं सत्तरेक वर्षांत एक दिवस पुढं सरकतं. हजार वर्षांपूर्वी मृग आजच्यापेक्षा दोन आठवडे आधी लागत असणार. पंचांगातल्या नक्षत्रांच्या वाहनांबद्दल, म्हणजे यंदा म्हैस की बेडूक, मला एवढंच म्हणायचं आहे की वाचायला मजा येते.

मामांना मी त्या दिवशी म्हणालो, "मामा, आगमनाच्या बातमीवर पेरू नका. पाऊण-शंभर मिलिमीटर झाल्याशिवाय बी टाकू नका, कृषी खातं तेच सांगतंय." मामा हसले. त्यांचं माप वेगळं आहे. वीतभर खालची माती काढायची, मुठीत दाबायची, कमरेएवढ्या उंचीवरून सोडायची. लाडू तसाच राहिला तर रान अजून ओलं आहे. दाबूनही लाडू वळलाच नाही तर कोरडं. पडल्यावर लाडू फुटून भुसभुशीत पसरला तर वाफसा आला, पेरणीची कुरी जुंपायची. ही चाचणी मान्सून कुठवर आलाय ते सांगत नाही. मामांना ते विचारायचंही नसतं.

जातो कसा?

राजस्थानच्या पश्चिम टोकापासून, साधारण १७ सप्टेंबरला, मान्सून माघार घ्यायला लागतो. मुंबई सोडायची त्याची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर. सूर्य दक्षिणेला गेलेला असतो, पट्टा त्याच्यामागं निघतो आणि वारा उलटून ईशान्येकडून वाहू लागतो. तो बंगालच्या उपसागरावरून वाफ उचलतो आणि तमिळनाडूवर रिती करतो. चेन्नईचा खरा पावसाळा म्हणून आपल्या दिवाळीच्या आगेमागे असतो. आपल्याकडे या अदलाबदलीच्या दिवसांत हवा संथ आणि जमीन ओली असते. दुपारी ऊन तापलं की पुन्हा विजांचे ढग उठतात, हा परतीचा पाऊस. पर्जन्यछायेतल्या माणसाचा भरवसा याच्यावर. जुलैचे ढग डोक्यावरून पळतात, पण हस्ताचे ढग जागच्या जागी उठतात आणि तिथंच पडतात. विहिरी त्यावर, रब्बीची ज्वारी त्यावर.

त्या वर्षी सप्टेंबर संपता संपता मामांचा पुन्हा फोन आला. ज्वारीची पेरणी खोळंबली होती. मातीचा लाडू फुटतच नव्हता.

"हस्त लय जोरात हाय," मामा म्हणाले. "ह्याला माघारी जायला सांगितलंय का न्हाई कुणी?"